आधी ऊब, मग पाणी, कवच सगळ्यात शेवटी: एका स्टार कासवाचं प्रकरण

रुग्ण: स्टार कासव, पूर्ण वाढ झालेलं, वजन 1 किलो 140 ग्रॅम. तक्रार: पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली शहाबादी फरशीवर पडलं आणि उजव्या बाजूला पाठीचं कवच फुटलं. पडल्याला आठवडा उलटून गेलेला. खाणं बंद, दोन दिवसांपासून जखमेला वास. घरच्यांनी केलेला उपाय: भेगेत हळद, त्यावर झटपट चिकटणारा गोंद आणि त्याच्यावर नळाची गळती बुजवायची पुट्टी.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे ते त्या शेवटच्या ओळीमुळे. कवच फुटलेलं कासव माझ्याकडे येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यावर आधीच काहीतरी थापलेलं असतं. फूट दिसली की ती बुजवावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि त्यात माया असते, हयगय नसते. पण कवच म्हणजे हाड आहे. वर केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांत असतो त्या पदार्थाचे पट्ट, त्यांच्याखाली रक्त खेळतं असलेलं जिवंत हाड, आणि पाठीचा कणा व बरगड्या त्याच हाडात एकजीव झालेल्या. फुप्फुसं या छपराला आतून लागूनच असतात. म्हणजे कवचाला आरपार गेलेली भेग हा उघडा अस्थिभंग आहे. माणसाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं तर त्यावर कोणी पुट्टी लावणार नाही. कासवाच्या बाबतीत लावतात, कारण ते ओरडत नाही.

ऑगस्ट महिना होता, पुण्यात संततधार लागलेली. आजी, सूनबाई आणि नातू असे तिघं आले. कासव बादलीत होतं आणि त्यांनी पहिलं वाक्य बोलायच्या आधी मागे दार लावून घेतलं. "डॉक्टर, कुणाला सांगणार नाही ना तुम्ही?" आजींनी विचारलं. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांच्या यजमानांनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी पिल्लू असताना घेतलेलं. यजमान गेले, कासव राहिलं. सगळे त्याला बाळू म्हणायचे. चपाती, दूधभात, काकडी, टोमॅटो हे त्याचं जेवण. मुक्काम गॅलरीत किंवा पलंगाखाली, आणि ऊन मिळायचं ते काचेच्या सरकत्या खिडकीतून.

मी त्यांना खरं ते सांगितलं. स्टार कासव घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीने हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत गेला आणि ती दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान तीन वर्षं कैदेपासून सुरू होते. आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही 2019 पासून ते पहिल्या परिशिष्टात आहे, कारण जगात सगळ्यात जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या कासवांत त्याची गणना होते. मी उपचार लगेच सुरू करीन, पण वन विभागाला कळवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि तुम्ही स्वतः कळवलंत तर ते सगळ्यात बरं. आजींचा चेहरा उतरला. नातवाने मात्र खिशातून फोन काढून 1926 हा वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक लावला. त्याला तो शाळेत सांगितला होता.

पुढचं पंचनाम्याचं आणि जबाबाचं काम वन विभागाचं, त्यात मला मत देण्याचा अधिकार नाही. डॉक्टर म्हणून एवढंच म्हणते: कासव पडल्याच्या दिवशीच ते माझ्याकडे आलं असतं, तर त्याचं निम्मं दुखणं वाचलं असतं. "दवाखान्यात नेलंत तर पोलीस येतील" असं शेजारच्या कुणीतरी सांगितलं आणि त्या भीतीत एक आठवडा गेला. त्या आठवड्यात पुट्टीच्या आत काय चाललं होतं ते पुढे येईलच.

तपासणीत सगळ्यात आधी डोळ्यांत भरलं ते तापमान. गुदमार्गातून मोजलं तर 23 अंश. कासव स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही. स्टार कासवाला दिवसा 28 ते 32 अंशांची हवा हवी असते, शेकायला जागा त्याहून गरम हवी. 23 अंशांवर त्याची पचनसंस्था जवळपास थांबते, प्रतिकारशक्ती मंदावते आणि दिलेलं औषध शरीरात नीट पसरत नाही. डोळे खोल गेलेले, तोंडात चिकट लाळ, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. मागचे पाय चिमटा घेतल्यावर आत ओढत होतं, शेपटी हलत होती. हे फार मोठं शुभचिन्ह, कारण पाठीचं कवच फुटतं तेव्हा खरी धास्ती मज्जारज्जूची असते.

पुट्टीच्या मागच्या कडेला एक फट होती. विजेरी धरली तर आत पांढरं काहीतरी वळवळताना दिसलं. आसडी पडली होती, म्हणजे जखमेत अळ्या झाल्या होत्या.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, आणि ही माझ्या व्यवसायबंधूंसाठी अधिक आहे. जखमेत अळ्या दिसल्या की आपला हात सवयीने आयव्हरमेक्टिनकडे जातो. कुत्रा, गाय, बैल यांना आपण ते रोज देतो. कासवाला ते देऊ नये. कासवांमध्ये या औषधाने लुळेपणा येऊन मृत्यू होतो; कुत्र्याला सहज सोसणारी मात्रा कासवाचा जीव घेऊ शकते. टर्पेंटाइनचा बोळाही नको, तो थेट फुप्फुसाच्या पडद्यापर्यंत पोचतो. अळ्या चिमट्याने एकेक काढायच्या, वेळ लागला तरी. आम्ही तेच केलं. वेदनाशामक देऊन, कोमट सलाइनने फट धूत, दिवा जवळ घेऊन माझी सहकारी चिमटा चालवत होती आणि मी मोजत बसले नाही.

त्या दिवशी पुट्टी काढली नाही. याचं आजींना आश्चर्य वाटलं, नातवाला तर रागच आला. पण थंडगार, शुष्क पडलेल्या कासवाला भूल देणं म्हणजे जीवावर बेतणं. उबदार पेटीत ठेवून तापमान हळूहळू 29-30 अंशांवर नेलं. एकदम तापवलं की आधीच कमी असलेलं पाणी आणखी घटतं. कोमट केलेलं सलाइन थोडं थोडं कातडीखाली दिलं. दिवसाला किलोमागे साधारण 15 ते 20 मिलिलिटर, त्याहून घाई केली तर ते शरीराला पेलत नाही. वेदनेसाठी ट्रॅमाडॉल सुरू केलं. मेलोक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मागे ठेवलं, कारण पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांवर जड पडतं. प्रतिजैविक म्हणून सेफ्टाझिडिम निवडलं. कासवात ते इतकं सावकाश उतरतं की दर 72 तासांनी एक इंजेक्शन पुरतं. इंजेक्शनं पुढच्या पायाच्या स्नायूत दिली. मागच्या पायांचं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाण्याची सोय कासवात असते, त्यामुळे मागे टोचलेलं औषध अंगभर पोचण्याआधीच काही अंशी बाहेर पडू शकतं.

क्ष-किरण चित्रं तीन बाजूंनी काढली: वरून, कुशीकडून आणि समोरून. समोरून काढलेल्या चित्रात दोन्ही फुप्फुसं शेजारी शेजारी दिसतात, म्हणून ते चुकवू नये. उजवं फुप्फुस थोडं झाकोळलेलं होतं, पण त्यात हवा होती. इथे निसर्गाने कासवाला एक मोठी सवलत दिली आहे. आपल्या छातीला भोक पडलं की फुप्फुस आक्रसतं. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल नाही, ते पायांच्या आणि पोटाच्या स्नायूंनी श्वास ओढतं, त्यामुळे कवच फुटूनही ते श्वास घेत राहतं.

त्याच चित्रांत दोन गोष्टी अशा दिसल्या की प्रकरणाची दिशा बदलली. एक म्हणजे हाडाची घनता. सगळं कवच फिकट आणि पातळ दिसत होतं. ऊन काचेतून येत होतं, आणि काच अतिनील-बी किरण अडवते. त्या किरणांशिवाय कातडीत डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि डी-3 शिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. चपाती-दूधभातात कॅल्शियमचं प्रमाण तसंही बिघडलेलं. म्हणजे बाळूचं हाड पडण्याच्या आधीपासूनच कमकुवत होतं. पहिल्या मजल्यावरून पडून असं कवच पिचकतं, त्यामागे ही वर्षानुवर्षांची उपासमार होती, पोट भरलेलं असतानाची.

दुसरी गोष्ट: पोटात दोन अंडी होती. बाळू मादी होती. खालचं कवच सपाट आणि शेपूट आखूड, हे बाहेरूनही दिसत होतंच. नराचं खालचं कवच आत दबलेलं आणि शेपूट लांब असते. नर नसतानाही मादी अंडी धरते, आणि अंड्याच्या टरफलाला लागणारं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणजे जे थोडंफार शिल्लक होतं तेही तिकडे चाललेलं. अंडी उतरवायचं इंजेक्शन दिलं नाही. कॅल्शियम इतकं खाली असताना आणि कवच उघडं असताना तिला कळा द्यायला लावणं मला धोक्याचं वाटलं. पेटीच्या एका कोपऱ्यात वीतभर खोल, कोमट, मोकळी माती भरून ठेवली आणि कॅल्शियम तोंडावाटे सुरू केलं.

तापमान स्थिरावलं, लघवी झाली, पाय ओढण्यात जोर आला, तेव्हा पुट्टी काढायला घेतली. भुलीसाठी शिरेतून प्रोपोफॉल, मग घशात नळी घालून आयसोफ्लुरेन हा गॅस. कासव बराच वेळ श्वास रोखून धरू शकतं, त्यामुळे फक्त मास्क लावून गॅसवर झोपवता येत नाही. नळी घालून श्वास हाताने द्यावा लागतो. हृदयाचे ठोके मान आणि पुढच्या पायामधल्या खोबणीत डॉप्लर हे ठोके ऐकवणारं यंत्र ठेवून ऐकत होतो.

दातांच्या डॉक्टरांकडचा छोटा बर, म्हणजे फिरून झिजवणारं टोक, वापरून पुट्टी कडेकडेने झिजवली. खाली गोंद भेगेत खोलवर उतरून कडक झाला होता आणि हाडाच्या दोन कडा त्याने एकमेकींपासून दूर धरून ठेवल्या होत्या. जोडायला लावलेल्या गोष्टीने जुळणंच थांबवलं होतं. त्याच्या खाली हळदीचे गोळे आणि पू. कासवाचा पू वाहत नाही. तो खरवसासारखा घट्ट असतो, कारण पू पातळ करणारं जे विकर (एन्झाइम) सस्तन प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींत असतं ते यांच्या पेशींत जवळजवळ नसतं. म्हणून कासवाच्या जखमेचा "निचरा" आपोआप होत नाही. पू कोरूनच काढावा लागतो. दोन हाडांचे तुकडे करडे पडले होते, रक्त येत नव्हतं, ते काढून टाकले. एक तुकडा आत दबलेला होता, पण जिवंत होता. तो अलगद वर उचलला. त्याच्या खाली पातळ पडदा श्वासाबरोबर वरखाली होत होता. पडदा शाबूत होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा खात्री वाटली की ही जगेल.

आणि तरीही भेग बंद केली नाही. घाण झालेली जखम बंद केली तर आत जंतूंची पेटी तयार होते, मग ती पुट्टीने करा की महागड्या उपकरणाने. रोज कोमट सलाइनने धुणं, निर्जंतुक केलेल्या वैद्यकीय मधाची पट्टी, वर न चिकटणारी जाळी आणि त्यावर आरपार दिसणारी चिकटपट्टी. मध ओलावा ओढतो आणि जंतूंना वाढू देत नाही; स्वयंपाकघरातला मध मात्र वापरू नये, तो निर्जंतुक नसतो. जखमेतल्या नमुन्यात स्यूडोमोनास हा जंतू आला होता, तो सेफ्टाझिडिमला दाद देत होता, म्हणून औषध बदलावं लागलं नाही. या काळात अंघोळ बंद. भेग आत उघडी असताना कासवाला पाण्यात बसवलं की पाणी थेट पोटाच्या पोकळीत जाऊ शकतं. लोक हमखास ही चूक करतात, कारण इतर वेळी कोमट पाण्यात बसवणं हा कासवासाठी उत्तम उपाय असतो.

जखमेच्या तळाशी गुलाबी, दाणेदार मांस धरलं, दोन नमुने स्वच्छ आले, तेव्हा कुठे कवच जोडायची पाळी आली. यासाठी आम्ही वापरले ते ब्लाउजचे धातूचे हुक. भेगेच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून सुरक्षित अंतरावर, हुक एपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने चिकटवले आणि समोरासमोरच्या हुकांना बारीक तार आडवी गुंफून हलके हलके ओढ दिली. एपॉक्सी फक्त शाबूत कवचावर, भेगेत थेंबही नाही. कवचात स्क्रू बसवायची पद्धतही आहे, पण इतक्या पातळ हाडात स्क्रू धरले नसते. ही युक्ती आमची नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या एका बचाव केंद्राने लोकांकडून जुन्या ब्रेसियरचे हुक मागवले तेव्हा ती जगभर पोचली. तुळशीबागेत हुकांचं पाकीट मिळतं तेवढ्यात काम झालं.

नातवाने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता: ब्राझीलमध्ये वणव्यात होरपळलेल्या एका जमिनीवरच्या कासवाला त्रिमितीय छपाईने नवं कवच बसवलं, ते. "आपण असं करूया का?" त्या कासवाच्या पाठीचं बहुतेक कवच जळून गेलं होतं, झाकायला स्वतःचं काही उरलंच नव्हतं. इथे स्वतःचं हाड जागेवर होतं आणि वाढायला तयार होतं. त्याला वेळ द्यायचा होता.

खाणं हा भाग सगळ्यात चिवट निघाला. सुरुवातीला नळीने पातळ केलेला पाला जठरात द्यावा लागला, तोही शरीरात पाणी पुरेसं झाल्यावर आणि ऊब असतानाच. थंड कासवाच्या पोटात अन्न कुजतं. मग समोर ताजा पाला ठेवायला सुरुवात केली: दूर्वा, शेवग्याची पानं, जास्वंदीची पानं, काटे काढलेल्या निवडुंगाच्या फडीच्या फोडी. ती नुसती बघायची. जन्मभर चपाती खाल्लेल्या प्राण्याला हे अन्न आहे हेच ठाऊक नव्हतं. आम्ही पाल्यावर काकडीचा रस शिंपडून पाहिला, रंग बदलून पाहिले. शेवटी तिने तोंड लावलं ते लाल जास्वंदीच्या फुलाला. पाकळी ओढून, मान मागे घेऊन, पुन्हा पुढे येऊन तिने ते अख्खं फूल संपवलं. आजींना फोन केला तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "आमच्या दारात जास्वंद आहे हो. आम्ही ती देवाला वाहायचो."

अंडी तिने गणपती विसर्जनाच्या सुमारास त्या मातीत घातली. निर्जीव होती, अपेक्षेप्रमाणे. त्यानंतर वजन चढू लागलं.

पाऊस सरल्यावर तिला वन विभागाच्या देखरेखीखालच्या उपचार केंद्रात हलवलं, जिथे थेट ऊन मिळतं. अतिनील दिवा आम्ही वापरत होतो, पण खऱ्या उन्हाची सर त्याला नाही, आणि हाडाचा प्रश्न असताना हा फरक मोठा. हुक अडीच-तीन महिन्यांनी काढले. भेग तेव्हा बोटाने दाबून हलत नव्हती, पण क्ष-किरणात ती स्पष्ट दिसत होती आणि अजून वर्षभर दिसत राहील. कासवाचं हाड भरून यायला एक ते दोन वर्षंही लागतात. मधल्या काळात जुना मेलेला थर खपलीसारखा सुटून पडतो. ते पाहून घाबरून लोक तो परत चिकटवायला जातात. त्याच्या खाली नवं हाड आणि नवा केराटिन तयार झालेला असतो म्हणूनच तो सुटतो. तिच्या उजव्या कुशीवर तेवढ्या जागेत पिवळ्या चांदण्या आता नाहीत.

परदेशात राहणाऱ्या काही मराठी घरांतून मला असे फोन येतात. तिथे हर्मन किंवा सुलकाटा जातीचं कासव कागदपत्रं करून पाळता येतं आणि बागेत कुत्र्याने चावा घेतला की कवच फुटतं. त्यांनाही हाच क्रम सांगते. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. हवा जायला भोकं असलेल्या खोक्यात, कोरड्या टॉवेलवर, उबेत ठेवा. पावडर, गोंद, पुट्टी, हायड्रोजन पेरॉक्साइड काही लावू नका. चावा बारीक दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण कुत्र्याच्या तोंडातले जंतू कवचाखाली खोल जातात. आणि हात साबणाने धुवा, विशेषतः मुलांचे. निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जंतू असू शकतो.

बाळूला जंगलात सोडायचं का, हा निर्णय अजून झालेला नाही. स्टार कासवं गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात, दक्षिणेत आंध्र-तमिळनाडू-कर्नाटकात आणि श्रीलंकेत आढळतात, आणि या ठिकाणच्या कासवांत जनुकीय फरक आहेत. ती कुठून पकडून आणली गेली हे कुणालाच ठाऊक नाही. शिवाय माणसाच्या घरात राहिलेल्या कासवाकडून रानातल्या कासवांना रोग जाऊ शकतो, त्यासाठीच्या तपासण्या बाकी आहेत. मी वन विभागाला दिलेल्या अहवालात शिफारस केली आहे की हाड पूर्ण भरून येईपर्यंत, म्हणजे किमान पुढचा पावसाळा संपेपर्यंत, तिला केंद्रातच ठेवावं, दर महिन्याला वजन घ्यावं आणि चार महिन्यांनी क्ष-किरण चित्र पुन्हा काढावं. शेवटच्या नोंदीत तिचं वजन 1 किलो 310 ग्रॅम आहे.